यवतमाळ ते वणी : एका जुन्या गाडीच्या सोबतीनें

यवतमाळ जिल्ह्याचें नांव निघालें म्हणजे पुण्यामुंबईकडील वाचकांच्या डोळ्यांपुढें प्रथम कापूस उभा राहतो, आणि अलीकडे त्या कापसामागील शेतकऱ्याची विवंचना. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. तथापि गेल्या आश्विनांत मीं या जिल्ह्यांतून जो प्रवास केला तो एका निराळ्याच निमित्तानें. आणि त्या निमित्ताचा माग घेतां घेतां येथील माती, पाऊस, खत आणि कोळसा हीं सर्व मला एका नव्या बाजूनें पाहावयास मिळालीं. तें निमित्त म्हणजे लोखंडाचा गंज.

माझे एक आतेभाऊ मारेगांव तालुक्यांतील एका खेड्यांत राहतात. प्राथमिक शाळेंत तीस वर्षें शिकवून ते निवृत्त झाले. घरची शेती बारा एकर, तीहि बहुतेक कोरडवाहू. निवृत्तीच्या सुमारास त्यांनीं एक जुनी पिकअप गाडी विकत घेतली. गाडी २००९ सालची. पुढें दोघांतिघांना बसण्याजोगी केबिन व मागें उघडा हौदा. जून-जुलै महिन्यांत खताचीं पोतीं, पावसाळा सरतां सरतां सोयाबीन, दिवाळीनंतर कापूस, उन्हाळ्यांत विटा आणि लग्नाचें सामान, असें वर्षभर कांहीं ना कांहीं या हौद्यांतून जात असतें. ज्या वर्षीं शेतीनें दगा दिला त्या वर्षीं या गाडीनेंच घर चालविलें, असें वहिनी सांगतात. आणि घरचा हिशेब त्यांच्याच हातीं असल्यामुळें तें खरें मानावयास हरकत नाहीं. यंदा गाडीच्या ‘पासिंग’ची, म्हणजे सरकारी तपासणीची, मुदत जवळ आली होती. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला ही तपासणी दर वर्षीं करून घ्यावी लागते. तत्पूर्वीं वणीच्या एका मिस्त्रीकडून गाडी खालून पाहून घ्यावी असा दादांचा बेत होता. मी यवतमाळास आलेलाच होतों. तेव्हां त्यांनीं मला एस. टी. चा विचारहि न करूं देतां गाडींत घातलें.

यवतमाळ शहर पठारावर वसलें आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें साडेचारशें मीटर, आणि समुद्र तर कोणत्याहि दिशेला शेंकडों मैल दूर. कोंकणांतील माणसाला गंज म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. खिडकीचे गज, दाराच्या बिजागऱ्या, विहिरीवरचा रहाट, सर्वांनाच खारी हवा हळूहळू खात असते. पण जेथें उन्हाळ्यांत ओठ फुटतात अशा या कोरड्या मुलखांत एखाद्या गाडीचा सांगाडा गंजानें पोखरावा हें चमत्कारिक नव्हे काय? मीं दादांना तसें विचारलें. ते म्हणाले, “तूं शकुंतला पाहिली आहेस का? मग चल.”

शकुंतला ही कोणी बाई नव्हे. मूर्तिजापूर ते यवतमाळ धांवणाऱ्या छोट्या आगगाडीला वऱ्हाडनें दिलेलें तें लाडकें नांव. ७६२ मिलिमीटर रुंदीची ही अरुंद लोहवाट विसाव्या शतकाच्या आरंभीं किलिक निक्सन या विलायती पेढीनें वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठीं घातली. १९२१ सालीं मँचेस्टर येथें बांधलेलें वाफेचें इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत येथें गाडी ओढीत होतें; मग डिझेलचें इंजिन आलें, आणि पुढें गाडीच थांबली. आतां त्या रुळांवर गवत माजलें आहे. चालत्या रुळाचा माथा चाकांच्या घर्षणानें आरशासारखा लखलखत असतो. बंद पडलेल्या रुळावर पहिल्या पावसांतच तांबूस साय धरते. या रुळांची साय केव्हांच जाड होऊन तिचे पापुद्रे सुटूं लागले होते. दादांनीं एक पापुद्रा नखानें उचलून माझ्या तळहातावर ठेविला. “सत्तर वर्षें इंजिनानें याला हात लावूं दिला नाहीं,” ते म्हणाले, “आणि बसून राहिल्यावर पाहा.” वर्ध्याहून येणाऱ्या नव्या रुंद लोहमार्गाचा कळंबपर्यंतचा भाग २०२४ च्या फेब्रुवारींत सुरू झाला आहे, त्या रुळांचा माथा अर्थातच झळकत असतो.

यवतमाळ सोडल्यावर जोडमोहा मागें पडतें, मग सागाच्या टेकड्या लागतात आणि करंजीपाशीं नागपूर-हैदराबादचा मोठा रस्ता ओलांडून मारेगांवकडे वळावें लागतें. दिवस सोयाबीन काढणीचे होते. कापसाचीं पहिलीं बोंडें नुकतींच उमलूं लागलीं होतीं. तूर हिरवीगार उभी होती. ज्या वणीकडे हा रस्ता जातो तिच्या नांवानें एके काळीं सबंध जिल्हाच ओळखला जात असे. इंग्रजी कागदपत्रांत तो ‘वुन’ म्हणून आढळतो. १९०५ सालीं वऱ्हाडची फेररचना झाली तेव्हां दारव्हा आणि पुसद जोडून या जिल्ह्याला यवतमाळचें नांव देण्यांत आलें. वणीकरांस याची आठवण अद्याप आहे, व ती ते पाहुण्यास करून देतातहि.

मुख्य रस्ता सोडून गाडी गांवाच्या वाटेला लागली तेव्हां आदल्या दिवशींच्या पावसाचा चिखल चाकांखालीं आला. वऱ्हाडची काळी माती ज्यानें पायानें तुडविली आहे त्यालाच तिचा स्वभाव कळतो. कोरडी असतां ती भेगाळून दगडासारखी होते. भिजली कीं फुगते, लोण्यासारखी मऊ होते आणि ज्याला लागेल त्याला सोडीत नाहीं. तिच्या अंगीं पाणी धरून ठेवण्याचा जो गुण आहे त्याच्याच जोरावर येथें कापूस पिकतो. परंतु तीच माती गाडीच्या पोटाखालीं सांगाड्याच्या कोनाकोपऱ्यांत जाऊन बसली म्हणजे काय होत असेल, याचा उलगडा मला दुसऱ्या दिवशीं वणीस झाला.

वणी हें गांव निर्गुडा नदीच्या काठीं आहे. रंगनाथस्वामींच्या यात्रेसाठीं व त्या यात्रेंतील बैलबाजारासाठीं तें पूर्वींपासून प्रसिद्ध. आतां मात्र आसपासच्या कोळशाच्या खाणींनीं त्याचा तोंडवळा पालटला आहे. उकणी, निळजई, कोलारपिंपरी या बाजूंनीं कोळशाचे ट्रक अहोरात्र येतजात असतात, व रस्त्याकडेच्या झाडांचीं पानें वर्षाचे आठ महिने काळसर दिसतात. साहजिकच मोटारदुरुस्तीच्या धंद्याला येथें तोटा नाहीं. आमच्या मिस्त्रीचें गॅरेज म्हणजे चार खांबांवर टाकलेले पत्रे, एक खड्डा आणि निंबाचें झाड. मिस्त्री साठीकडे झुकलेला, अंगानें वाळका, डोळ्यांवर दोऱ्यानें बांधलेला चष्मा. दसरा नुकताच झाला असल्यामुळें आमच्या गाडीच्या तोंडावर झेंडूची वाळलेली माळ अद्याप लटकत होती. केबिनीला त्याच महिन्यांत पांढरा रंग दिलेला. मिस्त्रीनें एकदां माळेकडे व एकदां दादांकडे पाहिलें.

“गुरुजी, वरतून त गाडी नवरदेवावानी सजवली. खालतून पाहा मंग.”

गाडी खड्ड्यावर घेऊन तो खालीं उतरला, आणि त्याच्या मागोमाग मीहि. त्याच्या हातांत लहानशी हातोडी होती. पिकअपचा सांगाडा, ज्याला गॅरेजांत ‘चासी’ म्हणतात, म्हणजे शिडीसारखी रचना : लांबीच्या बाजूनें दोन मजबूत पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. इंजिन, केबिन, हौदा, पाटे, सर्व कांहीं या शिडीवर टेकलेलें. पोलादाची जाडी मात्र तीनचार मिलिमीटरच. मिस्त्री पुढच्या टोंकापासून हातोडीनें ठोकीत मागें निघाला. वैद्य रोग्याच्या पाठीवर बोटें आपटून ऐकतो तसा तो कान देऊन ऐकत होता. ठण, ठण, ठण, आवाज खणखणीत. केबिनीच्या मागें, मागील पाटा जेथें सांगाड्याला अडकवितात त्या जागीं डाव्या पट्टीवर हातोडी पडली आणि आवाज आला ‘थप्’. त्यानें माझ्याकडे पाहिलें, पुन्हां ठोकलें. वरचा काळा रंग साबूत होता. पण त्याखालून खपल्यांचा एक थर सुटून खड्ड्यांत पडला, आणि त्याच्यासवें मूठभर काळी माती. माती अजून ओली होती.

मिस्त्रीनें ती बोटांत चुरून मला दाखविली. तींत पांढुरके दाणे होते.

गंजाची क्रिया शाळेंत आपण सर्वांनींच वाचलेली असते. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हीं तीन एकत्र आलीं कीं गंज चढतो. तिघांपैकीं एक जरी वगळलें तरी तो थांबतो. पण पुस्तकांत एक गोष्ट ओझरतीच सांगितलेली असते, ती अशी कीं पाण्यांत क्षार मिसळला म्हणजे ही क्रिया कित्येक पटींनीं वेगानें चालते. कोंकणांत हा क्षार समुद्राकडून येतो. यवतमाळांत तो पोत्यांतून येतो. कापसाला द्यावयाच्या मिश्रखतांत नत्र-स्फुरदाबरोबर जें पालाश असतें तें बहुधा क्लोराइडच्या रूपांत, म्हणजे मिठाच्याच जातीचें. युरिया आणि इतर खतें हवेंतील ओल ओढून घेतात हें तर पावसाळ्यांत उघडें पोतें ठेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पोतीं फाटतात, दाणे हौद्याच्या फटींतून खालीं गळतात, सांगाड्याच्या पट्टीवर बसतात. वरून चिखल त्यांना लिंपून टाकतो. मग बाहेर मार्गशीर्षाचें कोरडें ऊन असलें तरी आंत भिजलेल्या मिठाचें पोटीस बांधल्यासारखी स्थिति असते. येथील पाऊस चार महिन्यांचा. पण मातीच्या या लेपाखालीं पावसाळा दहा महिने चालू राहतो.

कोळशाची गोष्टहि अशीच. कोळशांत थोडाबहुत गंधक असतो. ओल्या धुळींत त्याचें आम्ल होऊन तें लोखंडाला चावतें. उलट याच तालुक्यांत राजूरच्या बाजूला चुन्याच्या भट्ट्या आहेत, आणि चुना लोखंडाचा मित्र आहे. सिमेंटच्या पोटांत घातलेल्या सळया वर्षानुवर्षें टिकतात त्या त्यांतील चुन्याच्या क्षारतेमुळें. एकाच तालुक्यांत लोखंडाचा शत्रु आणि मित्र शेजारीं शेजारीं नांदावे ही मौजच म्हणावयाची.

गंज हा लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो, ही त्याची सर्वांत वाईट खोड. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून रिव्हेट मारलेल्या जागीं तो शिरला कीं पाचर ठोकल्यासारखा दोघांना दूर ढकलतो, आणि सुटलेल्या फटींत आणखी पाणी जातें. मिस्त्रीनें आडव्या दांड्याच्या सांध्यापाशीं फुगलेले दोन पत्रे मला बोटानें चाचपावयास लावले. डोळ्यांना तें दिसलें नसतें.

आपल्या विदर्भाला लोखंड नवें नाहीं. नागपूर जिल्ह्यांत नैकुंड येथें महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननांत सांपडली आहे. तिचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें सातशें वर्षें धरतात. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशें वर्षें पावसांत उभा आहे, व तो कां गंजत नाहीं याचा उलगडा कानपूरच्या आय. आय. टी. तील प्राध्यापक बालसुब्रह्मण्यम् यांनीं केला : त्या लोखंडांत स्फुरद पुष्कळ, आणि त्यामुळें त्याच्या अंगावर एक पातळ चिवट कवच तयार झालें. हें सर्व मीं मिस्त्रीला सांगितलें. त्यानें तें नम्रपणें ऐकून घेतलें आणि म्हणाला, “तो खांब खत वाहत नाही, भाऊ.”

हा रोग केवळ आपल्याकडच्या गरीब गाड्यांचा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. अमेरिकेंत हिंवाळ्यांत रस्त्यावरचें बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात. तेथें टोयोटा कंपनीच्या ‘टॅकोमा’ जातीच्या पिकअप गाड्यांचे सांगाडे इतके सडूं लागले कीं २००८ सालीं कंपनीनें १९९५ ते २००० या सालांतील गाड्यांच्या सांगाड्यांना पंधरा वर्षांची हमी दिली, व ज्या दुरुस्तीपलीकडे गेल्या होत्या त्या बाजारभावाच्या दीडपट किंमत देऊन परत घेतल्या. पुढें नव्या गाड्यांविषयींहि दावा झाला व २०१६ सालीं मोठ्या रकमेची तडजोड ठरली. आमच्या दादांना कोण दीडपट किंमत देणार! २०२१ च्या भंगार-धोरणाप्रमाणें गाडी मोडींत काढावी तर हातीं येणारी रक्कम नव्या गाडीच्या पहिल्या हप्त्यांतच जिरावयाची. म्हणून दुरुस्ती होण्याजोगी आहे कीं नाहीं, हा प्रश्न त्या दिवशीं वणीच्या निंबाखालीं बसलेल्या दोघां नवराबायकोंना (वहिनीहि आल्या होत्या) फार जिव्हाळ्याचा होता.

मिस्त्रीनें उत्तर देण्याची घाई केली नाहीं. आधीं त्यानें गाडीचा खालचा सर्व भाग पाण्याच्या झोतानें धुवविला, मग तारेच्या ब्रशानें आणि टोकदार कानशीनें सगळे संशयास्पद भाग खरवडले. उजवी पट्टी धड निघाली. आडव्या दांड्यांपैकीं एक बदलावा लागणार होता. डाव्या पट्टीची सड वीतभर लांबींतच होती, व तीहि उभ्या भागांत; वरच्या खालच्या पाखा शाबूत होत्या. हें ऐकून दादांचा चेहरा खुलला. भार वाहतांना सांगाडा वांकूं पाहतो तेव्हां सारा ताण या पाखांवर पडतो. त्या खाल्ल्या गेल्या असत्या तर मिस्त्रीनें कामाला हात लावला नसता, असें त्यानें स्वच्छ सांगितलें. “दोन जागी सडली असती त मी म्हनलं असतं, भंगारात द्या.”

काम दोन दिवस चाललें. बॅटरीच्या तारा प्रथम काढल्या. वेल्डिंगच्या विजेनें गाडीचीं नाजूक यंत्रें जळतात. डिझेलची टाकी उतरवून झाडाखालीं दूर नेऊन ठेविली. गाडी लोखंडी घोड्यांवर सरळ तोलून घेतली, कारण वांकड्या स्थितींत जोडलेला सांगाडा जन्मभर वांकडाच राहतो. सडलेला भाग चकचकीत धड लोखंड लागेपर्यंत कापून काढला. त्या जागीं बसवावयाच्या पत्र्याचीं टोकें मिस्त्रीनें सरळ उभीं न ठेवतां तिरपीं कापलीं. पत्रा पतंगासारखा दिसूं लागला. मीं कारण विचारलें. उभा सांधा घातला तर पोस्टाच्या तिकिटाच्या भोकांप्रमाणें एकाच रेषेंत कमजोरी येते व पट्टी नेमकी तेथेंच तुटते. तिरप्या सांध्यांत ताण वांटला जातो. शाळेचें तोंड फारसें न पाहिलेल्या या माणसानें ही गोष्ट कोळशानें जमिनीवर आकृति काढून मला समजाविली, आणि ती मला लागलीच समजली.

उरल्यासुरल्या गंजावर त्यानें बाजारांतून आणलेलें एक औषध ब्रशानें लाविलें. पाहतां पाहतां तांबूस डाग निळसर काळे झाले. गृहिणींस यांत कांहींच नवल वाटणार नाहीं. लोखंडी विळीवर कच्चें केळें चिरलें कीं पातें काळें पडतें, सुपारीनें अडकित्ता काळवंडतो, हिरडा आणि हिराकस यांची शाई आपले पूर्वज करीत. त्या सर्वांत तुरट रस व लोखंड यांचाच संयोग आहे. तो काळा थर गंजाला जागच्या जागीं बांधून टाकतो. मात्र वरच्या सुट्या खपल्या आधीं निघाल्या पाहिजेत. नाहींतर औषध खपलीला लागतें आणि रोग खालीं तसाच राहतो. त्यानंतर रेड ऑक्साइड, मग काळा रंग, आणि पोकळ भागांत लांब नळीनें मेणमिश्रित तेलाचा फवारा. सांगाड्याला पाणी निघून जाण्यासाठीं मुळांतच ठेवलेलीं भोकें असतात. तीं सगळीं मातीनें बुजलीं होतीं. मिस्त्रीच्या पोऱ्यानें तीं सळईनें एकेक करून मोकळीं केलीं. सर्व दुरुस्तींत हें काम सर्वांत स्वस्त, आणि माझ्या मतें सर्वांत मोलाचें.

गंजावरच डांबर फासण्याची जी चाल इकडे आहे तिच्यावर मिस्त्रीचा विशेष राग दिसला. डांबर वरून सुंदर दिसतें, पासिंगच्या दिवशीं डोळ्यांत धूळ टाकतें, आणि आंत कोंडलेलें पाणी पट्टी शांतपणें खात बसतें. इंजिनांतून काढलेलें काळें तेल फांसणारे लोक त्याला त्या मानानें बरे वाटतात. परंतु त्या तेलानें रबरी भाग कुजतात आणि जमीनहि बिघडते, म्हणून तेंहि त्यानें दादांना करूं दिलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं हौद्याचा फाळका लावतांना मिस्त्रीची दृष्टि दोन आडव्या फळ्यांकडे गेली. त्या बसण्यासाठीं होत्या हें उघड होतें.

“बाया बसवता काय मांगं?”

दादा थोडे घुटमळले. वेचणीच्या दिवसांत शेजारच्या गांवाहून पंधरावीस बायका आणाव्या लागतात. सकाळीं आणावयाच्या, सायंकाळीं पोंचवावयाच्या. सगळेच असें करतात. मालाच्या गाडींत माणसें वाहण्यास कायद्याची मनाई आहे हें सर्वांना ठाऊक असतें, व वेचणी थांबत नाहीं हेंहि सर्वांना ठाऊक असतें. कापूस हलका, त्याचा ढीग गाडीच्या दुप्पट उंच झाला तरी सांगाडा कुरकुरत नाहीं. उभीं, हालणारीं, खड्ड्यासरशीं एका बाजूला झुकणारीं वीस माणसें ही निराळी गोष्ट.

“पत्रा मी जोडून देल्ला,” मिस्त्री म्हणाला. “कापसाची हमी घेतो. बायांची नाही घेत.”

दादा कांहीं बोलले नाहींत. वहिनींनीं कमरेची पिशवी उघडून पैसे मोजले, पावती मागून घेतली, आणि गाडींत बसल्यावर एवढेंच विचारलें कीं ऑटोला दर फेरीस काय पडेल. परतीच्या वाटेवर मारेगांवापर्यंत नवराबायकोंत त्याचीच आंकडेमोड चालली होती. बायकांचा गट किती, फेऱ्या किती, किलोमागें वेचणीचा दर काय, त्यांत ऑटो बसतो कीं नाहीं. दादांच्या मतें बसत नव्हता. वहिनींच्या मतें दुसऱ्या वेचणीपर्यंत बसत होता. तिसरीला कापूस विरळ असतो, तेव्हां पाहतां येईल.

सकाळीं मी उठलों तों वहिनींनीं गड्याकडून त्या दोन्ही फळ्या काढवून गोठ्यांत वैरणीखालीं घालविल्या होत्या. गाडीच्या हौद्यांत खतासाठीं जाड ताडपत्री अंथरली होती आणि तिच्या कडा दोरीनें वर ओढून बांधल्या होत्या. अंगणांत गांवांतला एक ऑटोवाला चहा घेत बसला होता. तो एका फेरीचे जितके मागत होता त्याच्या निम्म्यावर वहिनी अडून बसल्या होत्या, आणि दादा पासिंगचे कागद हातांत घेऊन यवतमाळास निघावयाच्या तयारींत उभे होते.

“भावजी, तुम्ही यांच्याबरोबर जा,” वहिनी मला म्हणाल्या. “हा सौदा कांहीं इतक्यांत उरकत नाहीं.”